कोण कोणाकडून शिकलं

सातपाटी,
१९ जानेवारी २०२५

विहीणबाई ज्ञानेश्वरीबाई यांना नमस्कार.

'सप्रेम' हा शब्द मुद्दाम गाळला आहे. संक्रांतीला आपण फोनवर जे एकमेकींना ऐकवलं, त्यानंतर तो लिहिणं ढोंग ठरेल. दीपालीने मला बजावलंय, "आये, तुमी दोगी आता लिवून बोला. मी मदली तार नाय." लेक माझी, सून तुमची, आणि हुकूम दोघींवर. म्हणून हे पत्र, आणि तेही पोस्टाने, कारण ती आणून द्यायलाही तयार नाही.

आता मुद्द्याचं. पालघर नगरपरिषद 'जागतिक पाकनगरी' या किताबासाठी अर्ज करते आहे आणि तिथल्या कंत्राटी नोकरीत असलेली आपली दीपालीच तो लिहिते आहे, हे तुम्हाला ठाऊक असणारच. तुमच्याच घरात राहते ती. पण शहरं निवडतात कशी, हे तुम्हाला ठाऊक नसेल. मी सुकी मच्छी करणाऱ्या बायकांच्या संस्थेची नऊ वर्षं अध्यक्ष आहे, समोर आलेला कागद वाचल्याशिवाय सोडत नाही. मागच्या निकालांची सगळी टिपणं दीपालीकडून मागवून वाचली. ऐका. आधी आपल्या देशाची समिती सगळ्या अर्जांतून फक्त दोन शहरं निवडते. मग त्या दोघांचे अर्ज परदेशी जातात आणि तिथे गुण देतात कोण? ज्यांना किताब आधीच मिळाला आहे ती शहरं! म्हणजे नवी नवरी पसंत करायला सवतींना बसवायचं. माणसाने काढलेली कुठलीही स्पर्धा मत्सरावर कशी चालते, ते यावरून कळावं.

अर्ज करायला नगरपरिषद लागते. तुमच्या बोईसरला माणसं शहराची आणि कारभार ग्रामपंचायतीचा, त्यामुळे बोईसर या शर्यतीत नाही. तसं असताना दीपाली कॅमेरा घेऊन तुमच्या खानावळीत तीनदा आणि माझ्या वाळवणावर एकदाच का आली, एवढंच मला विचारायचं आहे. माझ्या बायका बोंबील वाळत टांगलेल्या वलांड्यांखाली नवी लुगडी नेसून दिवसभर उभ्या होत्या.

सुगंधा

•

बोईसर,
२७ जानेवारी

विहीणबाईंना नमस्कार. मीही 'सप्रेम' लिहीत नाही, म्हणजे फिटंफाट.

तुमचं पत्र पोस्टमनने ऐन जेवणाच्या वेळी, पहिल्या पाळीची माणसं ताटावर असताना हातात दिलं. क्रेनवाला बबलू म्हणाला, "चाची, कोर्ट का कागज है क्या?" म्हटलं, त्याहून वरचं आहे, विहिणीचं आहे. सगळी खानावळ हसली. तुमच्यामुळे त्या दिवशी डाळ करपल्याचं कोणाच्या लक्षात आलं नाही, त्याबद्दल आभार.

कॅमेऱ्याबद्दल जाब मागितलात. दीपाली इथे राहते, इथे जेवते, कॅमेरा तिच्या खांद्यालाच असतो. चार फोटो जास्त निघाले असतील. मी नवी साडी नेसले नव्हते. बाकीचं तिला विचारा.

आता जळण्यावरूनच बोलायचं तर माझंही ऐकून घ्या, तीन वर्षं कोणाला सांगितलेलं नाही. आमच्या घरात मासे शिजत नव्हते. आता दर बुधवारी मागच्या पडवीत, वेगळ्या भांड्यात शिजतात. मीच सांगितलं तसं, सुनेला उपाशी ठेवायला मी काही राक्षसीण नाही. पण बुधवारी माझा सुजित कारखान्यातून थेट घरी येतो. बाकीचे सहा दिवस माझ्या हातचं जेवताना त्याला मोबाइल लागतो. बुधवारी मोबाइल कुठे आहे तेही त्याला माहीत नसतं. मी जळगावहून या माणसाच्या वडिलांमागे आले, ते गेल्यावर चाळीस-चाळीस ताटं वाढून त्याला इंजिनियर केलं, आणि तो मागच्या पडवीत बसून काटे चोखतो.

तुम्हाला बरं वाटावं म्हणून आणखी एक सांगते. दीपाली स्वतः पहिला घास घेते आणि दर बुधवारी एकच बोलते, "नाय जमलं."

ज्ञानेश्वरी

•

सातपाटी,
६ फेब्रुवारी

विहीणबाई,

काल नगरपरिषदेकडून अर्जाचा मसुदा आमच्या संस्थेकडे आला. पाच समर्थनपत्रं सक्तीची आहेत, त्यातलं एक मच्छीमारांच्या संस्थेचं. मी चष्मा लावून पहिलं पान उघडलं. 'मुख्य परंपरा: बोईसर-तारापूर परिसरातील कामगारांच्या खानावळी.' खाली तुमचा फोटो. साध्या साडीतला.

नियमात 'शहर व परिसर' असा शब्द आहे म्हणे. त्या एका शब्दाच्या फटीतून तुमचं बोईसर आत शिरलं आणि पाटावर जाऊन बसलं. आणि सातपाटी? चौदाव्या पानावर. अकरा ओळी. मी मोजल्या. ज्या गावाने दर्याला तोंड देऊन पिढ्यान्‌पिढ्या या तालुक्याला खाऊ घातलं, ज्या गावच्या बायका पहाटे लिलावात उभ्या राहतात, दुपारी वाळवणावर कावळ्यांशी भांडतात, संध्याकाळी टोपली घेऊन दारोदार फिरतात, त्या गावाला अकरा ओळी! आणि परगावाहून पोटासाठी आलेल्यांच्या पंगतीला तेरा पानं! मी कामगारांच्या विरोधात नाही. मी त्यांच्या मोर्च्यात बोललेली आहे. पण आलेल्या पाहुण्याने यजमानाचं नाव पाटीवरून पुसावं, हा कुठला न्याय?

हेही मी गिळलं असतं. पण सहाव्या पानावर माझ्या लेकीने लिहिलं आहे: 'मी, दीपाली, स्वयंपाक माझ्या सासूबाई ज्ञानेश्वरी यांच्याकडून शिकले.'

सव्वीस वर्षं, विहीणबाई. सव्वीस वर्षं ती पोर माझ्या चुलीपुढे बसली. तुमच्याकडे तीन. तुम्ही लिहिता ती 'नाय जमलं' म्हणते. जमेल कसं? तिची जीभच तुम्ही बदलून टाकलीत. आधी सुजितने लेक नेली, मग तुम्ही तिची चव नेलीत, आता तिच्याच हाताने माझं नाव खोडवलंत.

आमच्या संस्थेचं समर्थनपत्र जाणार नाही. मुदत अठ्ठावीस तारखेची आहे. सवतींनी गुण देण्याची वेळच येऊ देणार नाही मी.

सुगंधा

•

बोईसर,
१४ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना रागावण्याचं विसरले, कारण तुम्ही इतकं सगळं वाचलंत आणि सहाव्या पानाचं डोकं वाचलं नाही, हे लक्षात आलं. त्या पानाला शीर्षक आहे: 'मागच्या दहा वर्षांत कोण कोणाकडून शिकलं?' नाव, कोणाकडून, वर्ष आणि काय शिकलं, असे चार रकाने. दीपाली सांगते, निम्मे गुण या एकाच पानाला आहेत. परंपरा किती जुनी, हे त्यांना नकोच आहे. जुनं तर सगळ्यांचंच असतं. ती पुढे कोणाच्या हातात गेली ते दाखवा, म्हणतात.

पहिल्या मसुद्यात पहिलं पान सातपाटीचंच होतं. मी पाहिलंय. तुमच्या वाळवणाचा फोटो, तुमचं नाव. मग ती सहाव्या पानावर आली आणि अडकली. त्याच आठवड्यात ती तुमच्याकडे कॅमेरा घेऊन आली होती. तिने तुम्हाला काय विचारलं आणि तुम्ही काय सांगितलंत, ते तुम्हाला आठवत असेलच. मला तिने घरी येऊन सांगितलं. म्हणाली, "मी आयेला बोलले, औंदा तरी मसाला शिकव. आये बोलली, लेकीला मसाला देत नाय आमी, तो सुनेचा. तू परक्या घरची."

मला तुमच्यातली ही रीत माहीत नव्हती, विहीणबाई. मला वाटायचं, पोर आईच्या आठवणीने 'नाय जमलं' म्हणते. ती बाजारातून पुडीचा मसाला आणते आणि त्यात तुमची चव शोधते, हे मला त्या दिवशी कळलं.

मी तिला म्हटलं, अगं लिहून टाक की आईकडून शिकले, कोण तपासायला येतंय? ती म्हणाली, "मम्मी, खोटं लिवलं तर कोण पकडणार नाय. पण दर बुधवारी माजी मीच पकडली जाते."

माझ्याकडे गुपित नाही, यात माझा मोठेपणा काही नाही. चाळीस माणसांचं एकटीने रांधायचं तर जो येईल त्याला चुलीशी बसवावंच लागतं. बबलू माझ्याकडे भरीत शिकला, त्याच्या गावी आता छठनंतर भरीत होतं. ओडिशाची दोन पोरं कळण्याच्या भाकरी थापतात. ती नावं त्या रकान्यांत गेली. दीपालीचं नाव कुठेतरी जायला हवं होतं, ते माझ्यापुढे गेलं.

नाव खोडलेलं नाही हो कोणी. तुम्ही जागा रिकामी ठेवलीत.

ज्ञानेश्वरी

•

सातपाटी,
३ मार्च

विहीणबाई,

अठ्ठावीस तारीख गेली. पत्र मी दिलं नाही. नगरपरिषदेने चार समर्थनपत्रांवर अर्ज पाठवला, असं कळलं.

तुम्ही मला गप्प केलंत असं समजू नका. मसाला ही आमच्या घरातली गोष्ट आहे. माझ्या सासूने तो मला दिला, तिच्या पोटच्या लेकींना दिला नाही. त्या दारात रडल्या, तरी दिला नाही. मी माझी सून दिशा हिला दिला. जितेशचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्याच वैशाखात. लेक ज्या घरी जाते त्या घराची होते, तिच्याबरोबर मसाला गेला तर चार पिढ्यांत तो कोणाचाच उरत नाही. मी सभांतून लेकींना जमिनीत आणि बोटीत समान वाटा मागते, हे तुम्ही पुढच्या पत्रात लिहिणार, मला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी पालघरच्या सभेत तुम्ही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतात. म्हणून आधीच उत्तर देते. जमीन वेगळी, मसाला वेगळा.

वेगळा कसा, ते आत्ता मांडता येत नाही. माझं डोकं दुखतंय.

सुगंधा

•

बोईसर,
२२ एप्रिल

विहीणबाई,

निकाल लागला, तुम्हाला कळला असेलच. देशाच्या समितीने दोन शहरं पुढे पाठवली, त्यांत पालघर नाही. सोबत दोन ओळींचा शेरा आला: 'कामगार खानावळींचे काम उल्लेखनीय. मात्र किनाऱ्यावरील मासेमार समाजाचा सहभाग दिसून येत नाही.'

मला राग आला नाही असं नाही. वाटलं, माझ्या तेरा पानांना या बाईने एका सहीवाचून बुडवलं. मग वाटलं, त्या परदेशी सवतींनी माझं भरीत चाखलं नाही ते बरंच झालं, एखादीने नाक मुरडलं असतं तर मी तिथेच भांडले असते.

दीपालीने शेरा वाचला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. ऑफिसात साहेब म्हणाले, तुझ्या आईचीच संस्था ना? ती हो म्हणाली. एवढंच. घरी तिने तुमच्याबद्दल एक वाईट शब्द काढलेला नाही. सुजित काढायला लागला तर त्याच्यावर धावली.

पण गेले तीन बुधवार तिने मासे आणलेले नाहीत. सुजितने विचारलं तर म्हणाली, "दुसरं काय पण खाऊ." तो परत मोबाइल घेऊन माझं जेवण जेवतो आहे. मला आनंद व्हायला हवा होता.

अर्ज पुन्हा दोन वर्षांनी निघतात. त्यासाठी लिहीत नाही.

ज्ञानेश्वरी

•

सातपाटी,
१८ मे

ज्ञानेश्वरीबाई,

गेल्या रविवारी मी दीपालीला बोलावून घेतलं, हे तिने सांगितलं असेल. काय झालं ते तिने सांगितलं नसेल, म्हणून मी लिहिते.

आदल्या दिवशी मिरच्या उन्हातून काढल्या होत्या. दिशा कढई मांडत होती. दीपाली ओट्यावर पाहुणीसारखी बसली, हातात चहा. मी म्हटलं, "चहा ठेव. इकडे ये. धणे कवा उतरवायचे ते बघ."

ती उठली नाही. उठली ती दिशा! उलथणं आपटून उभी राहिली. "आई, ह्ये काय? मला शिकवलं तवा देव्हाऱ्यापुढं शपथ घातली. माज्या सख्ख्या भयणीला सांगितलं नाय मी. ती रुसली, अजून बोलत नाय. आन आता लेकीला उगड्यावर?" जितेश मध्ये पडायला आला, तिने त्यालाही बाहेर काढलं.

मी हजार माणसांपुढे बोलते, ज्ञानेश्वरीबाई. त्या कढईपुढे मला तीन वाक्यं जुळवता आली नाहीत. कारण ती पोर खरं बोलत होती. माझ्या सासूने मला शपथ घातली तेव्हा मला वाटलं होतं, आता मी या घराची झाले. दारात रडणाऱ्या नणंदांकडे बघून मला आनंद झाला होता. ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. ती रीत वगैरे नव्हती. माझ्याकडे आहे आणि तिच्याकडे नाही, एवढंच होतं ते. पुढे पस्तीस वर्षं मी त्यालाच परंपरा म्हणत आले.

मी दिशाला म्हटलं, "तुजी शपथ सुटली. भयणीला फोन लाव." ती म्हणाली, "आता कशाला लावू, आता तो सगळ्यांचाच झाला." तणतणत आत गेली. थोड्या वेळाने आतून फोनवरचं रडणं आणि हसणं दोन्ही ऐकू आलं.

मग दीपाली कढईशी आली. माप विशेष नाही, गंमत भाजायच्या क्रमात आहे, ती तिला कळली. मी म्हटलं, कागद घे, लिहून ठेव. ती म्हणाली, "कागद नको. कागद दिसला की मी अर्जच भरायला लागेन." मी म्हटलं, पुढच्या अर्जात भर, सहाव्या पानावर माझं नाव घाल. तेव्हा ती जे बोलली ते तुम्हाला सांगताना मला लाज वाटते, पण सांगते. "आये, मला अर्जासाठी नको होता गो. मला बुधवारी पायजे होता."

दुपारी तिने हळद लागलेला हात माझ्याच पदराला पुसला, लहानपणी पुसायची तसा. मी ओरडले. तेवढंच मला नीट जमलं.

तिला एक अट घातली आहे की तुम्हाला सांगायचं नाही. ती म्हणाली, "मम्मीला सांगायला लागतच नाय, मम्मी बगूनच शिकते." माझा जीव जळाला. अजूनही जळतो. तो गेला असं लिहिलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही.

सुगंधा

•

बोईसर,
११ जून

सुगंधाबाई,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. खानावळीत कामं होती, हे कारण अर्धंच खरं.

मसाल्याची बरणी घेऊन दीपाली आली, त्या बुधवारी तिने मासे केले. पहिला घास घेतला आणि काही बोलली नाही. दुसरा घेतला. मग उठून पडवीच्या कडेला जाऊन तोंड धुतलं, बराच वेळ. सुजितने विचारलं, मिठाला कमी आहे का? मी त्याला म्हटलं, गप्प जेव.

इथवर मला बरं वाटत होतं. खोटं सांगत नाही.

मग परवा मला ताप होता. दीपालीने सुट्टी घेतली आणि खानावळ तिने सांभाळली. माझीच डाळ, माझंच भरीत, माझीच चूल, फक्त डाळीला चिमूटभर तुमचा मसाला. मी आत पडून होते. बाहेरून आवाज येत होते. रोज दोन पोळ्या खाणारी माणसं चौथी मागत होती. बबलू ओरडून विचारत होता, "भाभी, आज दाल में क्या डाला?" त्याने मला नऊ वर्षांत कधी विचारलेलं नाही की डाळीत काय घातलं. मग सुजित आत आला, माझ्या कपाळावर हात ठेवला, आणि लाडाने म्हणाला, "मम्मी, आता तू जरा आराम कर. दीपा बघेल. डाळ मस्त झालीये, तू पण तिच्याकडून शिकून घे."

त्याला कळलंसुद्धा नाही तो काय बोलला. हसत बाहेर गेला, वाढायला.

मी भिंतीकडे तोंड करून पडले. पुढच्या अर्जातलं सहावं पान डोळ्यांसमोर आलं. त्यात कोणाचं नाव कोणाच्या पुढे जाईल, ते मला स्पष्ट दिसलं. ताप उतरला, सुगंधाबाई, ते काही उतरलं नाही. काल मी चुलीशी उभी राहून स्वतःच्या हाताने डाळीत ती चिमूट घातली आणि बाहेर एक माणूस म्हणाला, "आज भाभी ने बनाया लगता है."

तुमच्यावर मी जानेवारीपासून हसत होते. आता हसण्यासाठी नाही, खरंच विचारते, तुमच्याशिवाय विचारणार तरी कोणाला: तीन वर्षं तुम्ही हे सोसलंत कसं?

तुमची,
ज्ञानेश्वरी